फोटोतलं माहेर

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आली की तिच्या तळाशी काळ्या पानांचा जुना अल्बम निघतो, नाहीतर फोटोंचं एखादं पिवळं पडलेलं पाकीट तरी निघतंच. हात पुसून आपण ते उघडतो आणि मग पुढचा तास काही कामाचा राहत नाही. हे अमक्याचे आजोबा, ही तमकी मावशी, हिच्या लग्नात पाऊस आला होता... माणसांची नावं कुणी ना कुणी सांगतंच. पण "हा फोटो काढला कुठे?" असं विचारा, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग कुणीतरी ठोकून देतं, "पंढरपूरला असेल," आणि पुढच्या पिढीत तेच खरं होऊन बसतं.

माणसं कळली, मग जागेचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण जागा चुकली की कधी कधी सगळी गोष्टच चुकते. एखादी बाई कुठे जाऊन आली, कुणाला भेटून आली, तिच्या वाट्याला चार सुखाचे दिवस आले की नाही, हे त्या जागेवरूनच कळतं. आमच्या घरात हे घडलं, आणि त्यापायी बीड जिल्ह्याची एक चांगली सफरही घडली. म्हणून हा लेखनप्रपंच.

एकुलता एक फोटो

माझ्या सासूबाईंना पंच्याऐंशीवं लागलं आहे. त्या तीन वर्षांच्या असताना त्यांची आई विषमज्वरानं गेली. आईचा चेहरा त्यांना आठवत नाही. फोटो एकच, पोस्टकार्डाएवढा. पाच बायका, सगळ्या नऊवारीत, अंगावर शाली. मध्ये खाली बसलेली आई, मांडीवर कुंची घातलेलं तान्हं बाळ. ते बाळ म्हणजे आमच्या सासूबाई. पाठीवर शाईनं लिहिलेलं "चि. बाळीसह", एवढंच. ना गाव, ना तारीख.

सासूबाईंच्या वडिलांचं घर पुण्याचं आणि त्यांच्या आईचं माहेर बीडचं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. पुण्याहून निघायचं तर नगरपर्यंत आगगाडी, पुढे मोटार मिळाली तर मोटार, नाहीतर बैलगाडी. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, तिथे सामानाची उलथापालथ. "मोगलाईत लेकीसुना धाडायच्या नाहीत," असा पुण्याच्या घरचा दंडक. त्यामुळे लग्नानंतर सासूबाईंच्या आईला माहेर दिसलंच नाही, त्या झुरणीला लागल्या, असं सासूबाई लहानपणापासून ऐकत आल्या. मग हा फोटो कुठला? तर घरातली मोठी माणसं सांगत, "कुलस्वामिनीला गेली होती ना आंबेजोगाईला, तेव्हाचा." आंबेजोगाईही मोगलाईतच! पण कुलस्वामिनीला मोगलाई आड येत नाही, सुनेच्या माहेराला मात्र येते.

सासूबाईंच्या मनात सल होता तो हाच. आई देवीपर्यंत गेली, बीडच्या इतक्या जवळून गेली, आणि तिला माहेरचा उंबरठा काही कुणी ओलांडू दिला नाही. गेल्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "मला एकदा ती जागा बघायची आहे. मग माझी कुठली हौस राहिली नाही."

कुलस्वामिनीच्या दारी

पुण्याहून अहिल्यानगर, तिथून बीड, मग मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूर, केज करत आंबेजोगाई, अशी वाट. गंगथडीची काळी सपाट जमीन मागे पडते आणि बालाघाटाचं पठार सुरू होतं. डोंगरउतारावर सीताफळीची झाडं, मध्येच एखाद्या गावाची पांढऱ्या मातीची ढासळलेली गढी. जुनी घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. हे छप्पर लक्षात ठेवा बरं का. जुन्या फोटोत मागे उतरतं कौलारू छप्पर असेल तर कोकण, घाटमाथा मनात आणावा. सपाट माळवद दिसलं तर मराठवाड्याकडे वळावं. एवढ्यावरून गाव नाही कळणार, पण दिशा तरी कळते.

आंबेजोगाईला निजामाच्या अमदानीत मोमिनाबाद म्हणत, आणि तिथे घोडदळाची छावणी होती. घरातल्या जुन्या पत्रात, फोटोच्या पुठ्ठ्यावर "मोमिनाबाद" असं नाव दिसलं तर ते हेच गाव. मराठवाड्यातलं असूनही इथली योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत आंबेजोगाईचा एखादा फोटो असतोच. देवीची कथा तुम्ही ऐकली असेल. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, पण वऱ्हाड पोचेपर्यंत कोंबडा आरवला, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. गावातल्या हत्तीखान्याच्या लेण्यात दगडी हत्ती उभे आहेत ना, ते त्याच वऱ्हाडातले म्हणतात. तुमच्या फोटोत जाडजूड खांब आणि दगडी हत्ती असतील तर पहिला संशय इथला घ्या.

आम्ही देवीची ओटी भरली आणि आवारात उभं राहून फोटो डोळ्यांपुढे धरला. काही जुळेना. बाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या एक आजीबाई होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "बाई, हितं एवढं आभाळ कुठून दिसल? ही उंचावरली जागा हाय."

खरंच होतं की! बायकांच्या डोक्यामागे ना झाड, ना भिंत, ना घर. नुसतं आभाळ. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांनी फोटोतल्या माणसांकडे पाहिलं होतं, माणसांच्या मागे कुणी पाहिलंच नव्हतं.

भिंग घेऊन बसा

त्या रात्री लॉजवर आम्ही फोटोचा मोबाईलवर फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. घरी असाल तर साधं भिंगही चालतं. उजव्या कडेला फोटोत अर्धवट कापलं गेलेलं एक उंच दगडी काम होतं. त्याला पैलू होते आणि त्यावर झिजलेल्या आकृती. आणि जमिनीवर बायकांच्या पुढून एक काळा पट्टा आडवा गेलेला. तो डाग म्हणून आजवर सोडून दिलेला होता. पण तो डाग नव्हता, सावली होती. सरळ कडांची, फांद्या नसलेली. ती त्या उजवीकडच्या खांबाचीही नव्हती, कारण ती डाव्या बाजूनं आत येत होती. म्हणजे तसाच दुसरा खांब फोटोच्या बाहेर, डावीकडे उभा होता.

पाहताना आणखी एक काळजी घ्या. जुने फोटो कधी कधी उलटे छापले जात, आरशातल्यासारखे. पाटीवरची अक्षरं उलटी आहेत का, पुरुषाचं घड्याळ भलत्याच हातात आहे का, सदऱ्याची बटणं भलत्या बाजूला आहेत का, हे आधी बघा. नाहीतर जागेवर जाऊनही डावं-उजवं जुळणार नाही.

पाट्या दिसल्या तर तो मोठाच आधार. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते राज्य संपलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तेव्हा बीडकडच्या फोटोत सरकारी इमारतीवर उर्दू पाटी असेल तर काळाचा अंदाज सहज बांधता येतो.

रेल्वेचंही तसंच. "बीड स्टेशनवरचा जुना फोटो" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. जिल्ह्यात जुनी रेल्वे आहे ती परळीकडे.

परळीच्या पायऱ्या

दुसऱ्या दिवशी परळीला गेलो. आंबेजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटर. वैजनाथाचं देऊळ उंचावर, वर जायला रुंद दगडी पायऱ्या. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. लांबलचक पायऱ्यांवर ओळीनं बसलेलं कुटुंब, असा फोटो तुमच्याकडे असेल तर परळीचा विचार जरूर करा. परळीचं औष्णिक वीजकेंद्र १९७१ साली सुरू झालं, तेव्हा मागे धुराडं दिसलं तर फोटो त्यानंतरचाच.

उंच जागा म्हणून मनात थोडी आशा होती. पण आमच्या फोटोत पायऱ्या नव्हत्या आणि इथे आमचे ते दोन खांब नव्हते. सासूबाई दर्शन घेऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आता परत चला. वाटेत बीडला ताईला भेटू, म्हणजे झालं." ताई म्हणजे त्यांची मामेबहीण, नव्वदी ओलांडलेली. लग्नपत्रिकांपुरतं जाणंयेणं उरलेलं.

परकराचा डाग

बीडच्या जुन्या भागात त्यांचं घर. फोटो दाखवला. ताईंनी पाहिला आणि म्हणाल्या, "मला काय आठवणार? सहा-सात वर्षांची होते मी."

मैत्रिणींनो, इथे एक अनुभवाची गोष्ट सांगते. म्हाताऱ्या माणसाला "हा फोटो कुठला, कधीचा" असं विचारलं की ते परीक्षेला बसल्यासारखं गांगरतं. गाव, साल या गोष्टी पुसट होतात. पण त्या दिवशी काय खाल्लं, अंगात काय होतं, पाय कसे भाजले, कुणाची बोलणी खाल्ली, हे मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून मी विचारलं, "ताई, फोटो काढला त्या दिवशी तुमच्या अंगात काय होतं?"

त्या एकदम हसल्या. "हिरवा परकर! नवा कोरा. आणि त्याचं वाटोळं झालं की गं. भंडाऱ्यानं सगळा पिवळा. घरी येऊन साबण लावला तर डाग लालभडक. आईनं धपाटे घातले."

तुमच्याआमच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक. आणि हळद उधळतात ती खंडोबाला, देवीला कुंकू. म्हणजे फोटो योगेश्वरीचा नव्हेच. अंगावरच्या शाली, लांब पडलेली सावली, म्हणजे थंडीचे दिवस, उतरतं ऊन. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी! सासूबाईंचा जन्म १९४१ च्या श्रावणातला, कुंचीतलं बाळ तीन-चार महिन्यांचं, तेही जुळलं.

"ताई, उंच दोन खांब होते का हो तिथे?"

"खांब कशाला, दीपमाळा! आपल्या टेकडीवरच्या खंडोबाच्या." मग ताईंना वाचा फुटली. "आत्या आली होती ना! दिवाळीला आजोबा स्वतः जाऊन घेऊन आले. कुलाचाराचं निमित्त सांगितलं पुण्याला, तसं धाडलं नसतं त्यांनी. चांगली महिनाभर होती. चंपाषष्ठी करून मग पाठवली. हे लेकरू आम्ही आळीपाळीनं कडेवर घ्यायचो."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोटो परत हातात घेतला आणि पदरानं पुसला.

टेकडीवर

बीडच्या पूर्वेला टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. सुलतानजी निंबाळकरांनी बांधलं असं कुणी सांगतं, कुणी महादजी शिंद्यांचं नाव घेतं. देवळापुढे जोडीनं दोन दीपमाळा उभ्या आहेत, सत्तरेक फूट उंच, पैलूदार. त्यांवर माणसांच्या, जनावरांच्या आकृती कोरलेल्या, आता पुष्कळ झिजलेल्या. लांबून येणाऱ्याला बीडची ओळख पटते ती यांच्यावरून.

आम्ही दुपार कलल्यावर गेलो. फोटो हातात धरून मी मागे सरकत गेले, तेव्हा एका ठिकाणी दीपमाळेची कड फोटोतल्यासारखी कापली गेली. मग एक झिजलेली आकृती जुळली, तिच्या वरची जुळली. फोटोवाला उभा राहिला असेल ती हीच जागा. दुसऱ्या दीपमाळेची सावली डावीकडून जमिनीवर उतरत होती.

सासूबाईंनी विचारलं, "आई कुठे बसली होती?" मी दाखवलं. गुडघे दुखत असूनही त्या तिथे खाली बसल्या. बराच वेळ बसल्या. उठताना एवढंच म्हणाल्या, "आली होती म्हणजे. मला घेऊन आली होती."

ऐंशी वर्षांचा सल एका जागेच्या नावानं निघाला. आई गेली ती गेलीच. पण जाण्याआधी तिनं एक पुरता महिना माहेरपण भोगलं, तिच्या लेकराचं कौतुक झालं, हे कळायला फोटोखालचं एक चुकीचं गाव खोडावं लागलं.

बीडला गेलात तर

बीडच्या जुन्या फोटोंत नेहमी सापडणाऱ्या आणखी जागा सांगून ठेवते. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये काळ्या दगडाचं कोरीव देऊळ असेल तर ते कंकालेश्वर. गावाबाहेरची खजाना विहीर निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या अखेरीची. दोन भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येतं आणि तिसरीनं बाहेर जातं. धबधब्यापाशी देऊळ असेल तर दोन नावं मनात ठेवा. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, जिथे मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि पाटोदा तालुक्यातलं सौताडा, जिथे खोल दरीत रामेश्वर आहे.

काही जागा मात्र आता शोधूनही सापडायच्या नाहीत. २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेला पूर आला आणि नदीकाठची वस्ती वाहून गेली. माजलगावच्या धरणात सिंदफणेकाठची शिवारं पाण्याखाली गेली. अशा गावचा फोटो तुमच्या घरात असेल तर तो जिवापाड जपा. त्या घराचा, त्या पाराचा तेवढाच पुरावा उरला असेल.

आणि आधी एवढं पाहून घ्या, की फोटो खरोखर बाहेर काढलेला आहे ना! पूर्वी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे फोटो काढत. पडद्यावर महाल, कारंजी, बाग काय हवं ते. लेकीबाळींना पडद्याआडच फोटो काढता यावा म्हणून राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला होता. तेव्हा पायांकडे पाहा. महालाच्या पायऱ्या आणि पायांखाली सतरंजी, असं असेल तर गाव शोधत हिंडू नका. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का आहे का ते बघा. बीडचं नाव इंग्रजीत "भीर" असंही लिहीत, हेही ध्यानात असू द्या. जिल्ह्याचं १९६९ चं गॅझेटियर मोठ्या ग्रंथालयात मिळतं, त्यात जुन्या जागांची वर्णनं आहेत.

फोटो जपायचा कसा, तेही थोडक्यात. ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कोरड्या कापडानं हलकेच धूळ झटका. फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडून चित्र खातो. अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नका, आहे तसाच मोबाईलवर टिपून घ्या. मूळ फोटो भिंतीवर उन्हात टांगू नका, प्रत टांगा. पाठीवर बॉलपेननं लिहू नका, त्याचा वळ पुढे उमटतो. मऊ शिसपेन्सिल घ्या, कडेला हलक्या हातानं लिहा. माणसांची नावं, जागा, साल, आणि हे कुणी सांगितलं तेही. नक्की माहीत नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला. ठोकून दिलेलं गाव लिहिण्यापेक्षा प्रश्नचिन्ह शंभर पटींनी बरं.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीची वाट पाहू नका. आज रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की एकच फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात वयस्क बाईपाशी बसा. गाव विचारू नका. त्या दिवशी अंगात काय होतं, ते विचारा.